अठराच्या आत सज्ञान : ‘इमॅन्सिपेशन’ची माहिती

‘इमॅन्सिपेशन’ हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी प्रथम ऐकला तो अब्राहम लिंकनच्या संदर्भात. १८६३ सालचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा आपल्या मुलांना शाळेत हमखास शिकवतात. त्याच शब्दाचा दुसरा, घरगुती अर्थ मुलांना साधारण नववी-दहावीच्या सुमारास कळतो. आई-वडिलांना तो बहुधा मुलांच्याच तोंडून, आणि तोही भांडणाच्या वेळी, ऐकावा लागतो. कायद्याने सज्ञान होण्याच्या वयाआधीच, म्हणजे अठरा पूर्ण होण्यापूर्वीच, मुलाला सज्ञान ठरवून आई-वडिलांच्या ताब्यातून मोकळे करणे असा हा अर्थ आहे.

शब्द मूळचा रोमन कायद्यातला. रोममध्ये मुलगा चाळिशीला आला तरी बाप जिवंत असेपर्यंत त्याच्या हाताखालीच असे आणि मुलाच्या कमाईवर हक्कही बापाचाच. त्यांच्या जुन्या बारा फलकांच्या कायद्यात एक कलम होते: बापाने मुलाला तीन वेळा विकले तर मुलगा बापाच्या सत्तेतून सुटतो. हे कलम बापाला शिक्षा म्हणून असावे, पण पुढे लोकांनी त्यातूनच वाट काढली. ज्याला मुलाला मोकळे करायचे असेल त्याने तो एखाद्या मित्राला खोटा खोटा तीनदा विकायचा आणि मित्राने सोडून द्यायचा! सांगायचा मुद्दा असा की मुळात हे बापाने मुलाला द्यायचे होते, मुलाने बापाकडून हिसकावून घ्यायचे नव्हते. आजच्या अमेरिकन कायद्यातही या मूळ स्वभावाचा बराच अंश उरला आहे. मुलांच्या मनातली कल्पना आणि कायदा यांच्यात अंतर पडते ते इथेच.

मंडळाच्या युवक कार्यक्रमात मदत करत असल्यामुळे हा प्रश्न मला तीनदा विचारला गेला आहे, दोनदा मुलांकडून आणि एकदा एका आईकडून. त्यातल्या एका मुलीने गणपतीच्या दिवशी जेवणाच्या रांगेत अगदी सरळ विचारले, “काका, सोळा झाले की कोर्टात जाऊन आपले आपण होता येते ना? फॉर्म असतो म्हणे.” फॉर्म असतो हे खरे आहे. मी वकील नाही, सॉफ्टवेअरमधला माणूस आहे. पण कायद्याचे कलम वाचणे आणि एखाद्या सिस्टिमचे मॅन्युअल वाचणे यांत फार फरक नाही. दोन्हीकडे ‘जर’, ‘आणि’ व ‘किंवा’ नेमके कुठे बसलेत ते पाहावे लागते. त्या मुलीच्या निमित्ताने मी जे वाचले ते येथे देत आहे. प्रत्यक्ष प्रसंग आल्यास आपल्या राज्यातल्या वकिलाला विचारावे, कारण हा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा आहे.

प्रथम साधी गोष्ट. बहुतेक राज्यांत सज्ञान होण्याचे वय १८ आहे. अलाबामा व नेब्रास्कात ते १९ आणि मिसिसिपीत २१ आहे. त्या वयापर्यंत मुलाला खाऊपिऊ घालणे, निवारा, शाळा, औषधपाणी ही आई-वडिलांची कायदेशीर जबाबदारी असते. त्याच्या बदल्यात मुलाने कुठे राहावे, कुठल्या शाळेत जावे, हे ठरवण्याचा अधिकार आई-वडिलांना असतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तर अज्ञान मुलाच्या कमाईवर आई-वडिलांचा हक्क आहे असे आजही स्पष्ट लिहिलेले आहे. हे वाचून काही वाचकांना आनंद होईल, पण त्याबद्दल पुढे बोलू.

कॅलिफोर्नियाचेच उदाहरण सविस्तर घेतो, कारण तिथला कायदा सर्वांत नेटका लिहिलेला आहे. तिथे अठराच्या आत सज्ञान होण्याच्या तीन वाटा आहेत: विवाह, लष्करातली सक्रिय नोकरी आणि कोर्टाचा हुकूम. कोर्टाच्या हुकमासाठी चार अटी आहेत. मुलाचे वय किमान १४ हवे. ते आपल्या इच्छेने आई-वडिलांपासून वेगळे राहत असले पाहिजे, आणि त्याला आई-वडिलांची संमती किंवा निदान मूक मान्यता हवी. ते आपला आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळत असले पाहिजे, आणि त्यासाठी अर्जासोबत जमाखर्चाचे विवरण जोडावे लागते. शेवटची अट अशी की हे उत्पन्न कुठल्याही गुन्ह्यातून आलेले नसावे. या चारही अटींच्या मध्ये ‘आणि’ आहे, ‘किंवा’ नाही. त्या पुऱ्या झाल्यावर आई-वडिलांना नोटीस जाते. या हुकमाने मुलाचे अहित होणार नाही ना, हे न्यायाधीश पाहतात आणि मग निर्णय देतात.

आता या अटी पुन्हा एकदा वाचून पाहा. “आई माझे ऐकत नाही”, “बाबा मला डॉक्टरच हो म्हणतात”, “प्रॉमला जाऊ देत नाहीत” यांपैकी काहीही त्यात नाही. मूल दुखावले गेले आहे का, हे कोर्ट इथे विचारतच नाही. मूल स्वतःच्या पायावर उभे आहे का, एवढेच विचारते. आणि ‘पायावर उभे राहणे’ याचा अर्थ मराठी बाप जो करतो तोच: भाडे कोण भरतो आणि कशातून? शिवाय हे भविष्यकाळात चालत नाही. “तुम्ही हुकूम द्या, मग मी नोकरी शोधते” असे सांगता येत नाही. आधी वेगळे राहून दाखवायचे, मग अर्ज करायचा.

त्या मुलीबरोबर बसून मी कागदावर हिशोब मांडला होता, तोच येथे देतो. कॅलिफोर्नियात शाळा चालू असताना सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला शाळेच्या दिवशी ४ तास आणि सुट्टीच्या दिवशी ८ तास काम करता येते. इमॅन्सिपेशन मिळाले तरी बालकामगार कायद्याची ही मर्यादा सुटत नाही. फक्त वर्क परमिटसाठी आई-वडिलांची सही लागत नाही. समजा तिने पाचही दिवस ४ तास आणि शनिवारी ८ तास काम केले, म्हणजे आठवड्याचे २८ तास. २०२५ सालच्या राज्याच्या किमान वेतनाने, म्हणजे ताशी १६.५० डॉलरने, आठवड्याचे ४६२ डॉलर झाले. महिन्याचे सरासरी २,००२ डॉलर, आणि तेही सोशल सिक्युरिटी वगैरे कापण्याआधीचे. ज्या राज्यांत केंद्राचे ७.२५ डॉलरचे किमान वेतनच लागू आहे (ते २००९ पासून वाढलेले नाही), तिथे तेवढ्याच तासांचे महिन्याला ८८० डॉलर होतात. त्यातून भाडे, जेवण, फोन, कार आणि कारचा विमा. रविवारी गृहपाठ. आपण राहत असलेल्या गावात एका खोलीचे भाडे काय आहे हे मी सांगायला नको. तिने कागदाकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “म्हणजे हा फॉर्म श्रीमंत मुलांसाठीच आहे.” मला वाटते, सगळ्या कलमांचे सार तिने एका वाक्यात सांगितले.

हुकूम मिळालाच तर मिळते बरेच. मूल स्वतः करार करू शकते, घर भाड्याने घेऊ शकते, वैद्यकीय उपचाराला स्वतः संमती देऊ शकते, मृत्युपत्र करू शकते, स्वतःच्या नावाने दावा लावू शकते, शाळेत आपले नाव आपण घालू शकते. आई-वडिलांचा त्याच्या कमाईवरचा हक्क संपतो. पण त्याच क्षणी त्यांच्याकडून पोसले जाण्याचा मुलाचा हक्कही संपतो, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे लागते. मतदान १८ पर्यंत मिळत नाही, दारू २१ पर्यंत मिळत नाही आणि शाळेची सक्ती सुटत नाही. पुढे ते मूल निष्कांचन झाले तर कोर्ट हा हुकूम रद्दही करू शकते. ‘आई-बापाला सोडचिठ्ठी’ असे जे थट्टेने म्हणतात तेही बरोबर नाही. नाते तुटत नाही, वारसाहक्क जात नाही. आरोग्यविम्याच्या बाबतीतही २०१० च्या कायद्याने आई-वडिलांच्या पॉलिसीवर मुलांना २६ वर्षांपर्यंत ठेवता येते, मग ते मूल कुठे राहते आणि कुणावर अवलंबून आहे हे विचारले जात नाही.

इतर राज्यांत फरक आहेत. इलिनॉयमध्ये अर्ज १६ व्या वर्षापासून करता येतो, पण आई-वडिलांनी हरकत घेतली तर संपूर्ण इमॅन्सिपेशन मिळत नाही. न्यूयॉर्कमध्ये यासाठी स्वतंत्र अर्जाची तरतूद कायद्यातच नाही. तिथे पोटगीच्या किंवा दुसऱ्या एखाद्या खटल्यात हा प्रश्न आला तरच न्यायाधीश त्यावर मत देतात. टेक्सासमध्ये १७ वर्षांचे, किंवा वेगळे राहत असल्यास १६ वर्षांचे मूल, स्वतःचे पोट भरत असेल तर अर्ज करू शकते.

टेक्सासच्या याच कायद्याखाली झालेला एक खटला साऱ्या देशात गाजला होता. डॉमिनिक मोचानू ही जिम्नॅस्ट आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मुलींच्या संघाने सुवर्णपदक मिळवले, त्यातली ही सर्वांत लहान, चौदा वर्षांची. तिचे आई-वडील रुमानियातून आलेले, दोघेही स्वतः जिम्नॅस्ट. आपल्याला जे करता आले नाही ते मुलीकडून करून घ्यायचे असा त्यांचा ध्यास. (रुमानियाच्या जागी आपल्या आवडीचे गाव आणि जिम्नॅस्टिक्सच्या जागी आपल्या आवडीची स्पर्धा घालून वाचावे.) ऑक्टोबर १९९८ मध्ये, सतरा पूर्ण झाल्यावर काही आठवड्यांतच, ती ह्यूस्टनमधले घर सोडून निघाली आणि तिने कोर्टात अर्ज केला. तक्रार मुख्यतः पैशाची होती. बक्षिसे, प्रदर्शने आणि जाहिराती यांतून तिने मिळवलेले पैसे वडिलांनी उडवले, त्यातला मोठा भाग एक भलेमोठे जिम्नॅशियम बांधण्यात गेला आणि आपल्या नावावर नेमके काय उरले आहे हे आपल्याला कुणी सांगत नाही, असे तिचे म्हणणे होते. आई-वडिलांनी शेवटी विरोध सोडला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कोर्टाने तिला सज्ञान ठरवले.

ती जिंकली कशामुळे? तिच्यावर अन्याय झाला होता म्हणून नाही. ती सतरा वर्षांची होती, तिच्याजवळ स्वतःची कमाई होती, आणि आई-वडिलांनी शेवटी अडवले नाही. रोमन बापासारखीच गोष्ट. पुढे काही वर्षांनी तिने आई-वडिलांशी पुन्हा संबंध जोडले. वडील २००८ साली वारले. २०१२ साली तिने आत्मचरित्र लिहिले.

मुलांच्या पैशाचा प्रश्न अमेरिकेत त्याहून जुना आहे. मूकपटांच्या काळातला बालनट जॅकी कूगन एकविसाव्या वर्षानंतर आपले लाखो डॉलर मागायला गेला तेव्हा ते बहुतेक संपलेले होते. १९३८ साली त्याने आई आणि सावत्र वडिलांवर दावा लावला आणि १,२६,००० डॉलर त्याच्या हाती आले. त्यातून कॅलिफोर्नियाने १९३९ साली कायदा केला. आजच्या स्वरूपात बालकलाकाराच्या एकूण कमाईच्या १५ टक्के रक्कम वेगळ्या ट्रस्ट खात्यात ठेवावी लागते.

आपली मुले सिनेमात नसतात, पण त्यांच्या नावावर पैसे मात्र असतात. वाढदिवसाचे चेक, मुंजीचा आहेर, आजोबांनी दिलेली रक्कम, आणि कर वाचवण्यासाठी उघडलेले ‘यूटीएमए’ म्हणजे अज्ञान व्यक्तीच्या नावाचे कस्टोडियल खाते. या खात्यातले पैसे दिल्या क्षणापासून मुलाचे झाले. आई-वडील फक्त राखणदार. ते परत घेता येत नाहीत, स्वतःच्या घराच्या डाउन पेमेंटला वापरता येत नाहीत, आणि ठरावीक वयाला (कॅलिफोर्नियात साधारणपणे १८, न्यूयॉर्क व न्यू जर्सीत २१) ते मुलाच्या हाती द्यावेच लागतात. “आम्हीच तर टाकले होते” हा बचाव चालत नाही. मुलाने हिशोब मागितला तर तो द्यावा लागतो. सोळाव्या वर्षी मुलाला बोलावून ते स्टेटमेंट दाखवावे, असे माझे मत आहे. काही घरांत यानेच अर्धे भांडण मिटेल, कारण ज्याला ‘स्वातंत्र्य’ म्हटले जाते ते पुष्कळदा ‘माझे किती आहेत ते मला कळू दे’ एवढेच असते.

आता दुसरा खटला, जो परदेशातून आलेल्या प्रत्येक कुटुंबाने वाचावा असा आहे. १९८० च्या जानेवारीत युक्रेनमधून, म्हणजे त्या वेळच्या सोव्हिएत संघातून, पोलोव्चाक नावाचे कुटुंब शिकागोला आले. काही महिन्यांतच वडिलांचे मन उडाले आणि त्यांनी परत जायचे ठरवले. बारा वर्षांचा वॉल्टर आणि सतरा वर्षांची बहीण नताली यांनी नकार दिला व ती दोघे एका चुलत भावाकडे निघून गेली. वाद पेटला तो वॉल्टरवरून, कारण तो फक्त बारा वर्षांचा होता. अमेरिकन सरकारने त्याला राजाश्रय दिला. आई-वडील त्याच्याशिवाय परत गेले आणि इथल्या कोर्टात भांडत राहिले. इलिनॉयच्या न्यायालयांनी कौल आई-वडिलांच्या बाजूने दिला; राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा तसा निकाल १९८३ चा आहे. प्रकरण फेडरल कोर्टात चालूच राहिले, आणि ते सुटले कुठल्याही निकालाने नव्हे तर कॅलेंडरने. ३ ऑक्टोबर १९८५ रोजी वॉल्टर अठरा वर्षांचा झाला आणि वादाला विषयच उरला नाही.

लक्षात घ्या, शीतयुद्धाच्या ऐन काळात, समोर सोव्हिएत संघ असतानाही, अमेरिकन राज्याच्या न्यायालयाने म्हटले की मुलाने कुठल्या देशात राहावे हे आई-वडील ठरवतील. मग पुण्याला किंवा नाशिकला परत जायच्या निर्णयावर एखादे कोर्ट मुलाच्या बाजूने उभे राहील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. पण निर्णय हातात असणे आणि तो चांगला असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. अकरावीतल्या मुलाला शेवटच्या वर्षाआधी उचलून नेणे मला तरी पटत नाही. त्यासाठी कोर्टाचीही गरज नसते. मावशी, आत्या, काका इथे असतील तर मुलाने त्यांच्याकडे राहून शाळा पुरी करावी. कॅलिफोर्नियात ज्या नातेवाइकाकडे मूल राहते त्याने एक प्रतिज्ञापत्र भरून दिले की शाळेत नाव घालता येते व डॉक्टरांच्या उपचारांना संमती देता येते. कोर्टात जावे लागत नाही. इतरत्र वेगवेगळ्या नावांनी अशी सोय आहे का ते पाहावे. आपल्या आजोबांच्या पिढीत कोकणातली आणि देशावरची मुले बाराव्या-तेराव्या वर्षी पुण्याला जाऊन वार लावून जेवत शिकली. भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतून मुलांनी ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर शिक्षण घेतले. घर सोडून शिकणे आपल्याला परके नाही. फक्त त्या वेळी कुणी त्याला बंड म्हणत नव्हते.

व्हिसावरच्या कुटुंबांसाठी एक वेगळी सूचना. एच-फोर व्हिसावर आलेल्या मुलाला इथे नोकरीची परवानगी नसते. २०१५ पासून काही एच-फोरधारकांना कामाची परवानगी मिळू लागली, पण ती जोडीदारांना, मुलांना नव्हे. म्हणजे ‘स्वतःचा आर्थिक व्यवहार स्वतःच्या कायदेशीर कमाईतून’ ही अट अशा मुलाला पुरी करणे जवळपास अशक्य आहे. शिवाय त्याचा इथे राहण्याचा हक्कच आई-वडिलांच्या व्हिसाला बांधलेला आहे आणि तोही २१ व्या वर्षी संपतो. ज्या मुलाच्या डोक्यात हा विषय आहे त्याने प्रथम इमिग्रेशनच्या वकिलाला गाठावे.

कॉलेजच्या मदतीसाठीही काही मुले हा मार्ग शोधतात. फाफ्सा अर्जात कोर्टाने सज्ञान ठरवलेल्या मुलाला स्वतंत्र विद्यार्थी मानतात, म्हणजे आई-वडिलांचे उत्पन्न धरत नाहीत, हे खरे आहे. पण केवळ घर सोडले किंवा आई-वडील फी देत नाहीत म्हणून कुणी स्वतंत्र होत नाही; नाहीतर साधारण २४ वर्षांपर्यंत आई-वडिलांचे आकडे द्यावेच लागतात.

आई-वडिलांच्या बाजूनेही एक गैरसमज असतो. “जा, घरातून बाहेर हो, मग कळेल” असे म्हणून दार लावून घेतले की आपली जबाबदारी संपली, असा. अठराच्या आतल्या मुलाला घराबाहेर काढणे हा पालकत्वाच्या कर्तव्याचा भंग धरला जाऊ शकतो आणि सरकारी खाते दारात येऊ शकते. उलट न्यूयॉर्कमध्ये पोषणाची जबाबदारी २१ पर्यंत असते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली असा निर्णय दिला होता की वीस वर्षांची मुलगी वडिलांचे वाजवी नियम झुगारून कॉलेजचे वसतिगृह सोडून बाहेर राहू लागली, तर तिचा खर्च देण्यास वडील बांधील नाहीत. २०१४ साली न्यू जर्सीतही अठरा वर्षांच्या एका मुलीने घर सोडून आई-वडिलांवर खर्चासाठी दावा लावला. न्यायाधीशांनी तातडीची रक्कम नाकारली, आणि काही दिवसांतच ती घरी परतली. ‘वाजवी’ या शब्दावर मात्र बोट ठेवून वाचावे. नियम लहरी असतील तर कोर्ट हीच गोष्ट उलटीही वाचेल.

इथपर्यंत जे लिहिले ते रोजच्या कुरबुरींच्या घरांसाठी. ज्या घरात मारहाण होते, मुलावर हात टाकला जातो, मुलीचे लग्न तिच्या मनाविरुद्ध ठरवले जाते, त्या मुलाने इमॅन्सिपेशनच्या फॉर्मच्या मागे लागू नये. तो मार्ग त्याच्यासाठी नाही, फार लांबचा आहे, आणि त्यात आई-वडिलांची मान्यता लागते. अशा मुलाने शाळेतल्या शिक्षकांना, समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना सांगावे. त्यांना ही माहिती सरकारला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. बालकांच्या छळासाठी चाइल्डहेल्पचा १-८००-४२२-४४५३ आणि घर सोडण्याच्या विचारात असलेल्या मुलांसाठी नॅशनल रनअवे सेफलाइनचा १-८००-७८६-२९२९ हे फोन आहेत. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात असेल तर ९८८. मंडळातल्या ज्या काका-मावशीला मूल असे काही सांगेल त्यांनी कृपा करून “अगं, आई-बाबा तुझ्या भल्यासाठीच करतात” असे म्हणून तिला परत पाठवू नये, आणि त्याच संध्याकाळी तिच्या वडिलांना फोनही करू नये. चार लोकांत बोभाटा होईल या भीतीपेक्षा मुलाचा जीव मोठा आहे.

मधल्या परिस्थितीतही सोयी आहेत. ज्या मुलीने मला रांगेत विचारले तिला खरे तर कुणाशी तरी बंद दाराआड बोलायचे होते. कॅलिफोर्नियात १२ वर्षांवरचे समंजस मूल स्वतःच्या संमतीने समुपदेशन घेऊ शकते. आई-वडिलांना सामील करून घ्यायचे की नाही हे समुपदेशक मुलाशी बोलून ठरवतो. १५ वर्षांवरचे, वेगळे राहणारे व स्वतःचा व्यवहार सांभाळणारे मूल कोर्टाच्या हुकमाशिवायही वैद्यकीय उपचारांना संमती देऊ शकते. पुष्कळ राज्यांत काही ठरावीक उपचारांपुरती अशी सवलत आहे. आपल्या मुलांच्या डॉक्टरांनी तेराव्या-चौदाव्या वर्षी आपल्याला दहा मिनिटे बाहेर बसायला सांगितले तर रागावू नये.

आणि अठरावा वाढदिवस तर येणारच आहे. त्या दिवसापासून डॉक्टर मुलाच्या प्रकृतीची माहिती त्याच्या परवानगीशिवाय आपल्याला देऊ शकत नाहीत. मूल कॉलेजात गेले की मार्कही नाहीत, मग फी आपण भरत असलो तरी. तेव्हा कॉलेजला जाण्यापूर्वी, भांडण नसतानाच्या एखाद्या शांत दुपारी, दोन कागद मुलाच्या सहीने करून घ्यावेत: अडीअडचणीत वैद्यकीय निर्णय कोण घेईल याचे अधिकारपत्र आणि वैद्यकीय माहिती कुणाला द्यावी याची परवानगी. सही मुलाची आहे. ते नाहीही म्हणू शकते, आणि तसे म्हणाले तर का ते विचारावे.

जाता जाता गावाकडची एक गोष्ट. आजोबांच्या पश्चात मुलांची नावे सातबाऱ्यावर लागली असतील तर नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे ‘अज्ञान पालन कर्ता’ म्हणून आईचे किंवा वडिलांचे नाव असते. भारतातही १९५६ च्या कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाची जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय आई-वडिलांना विकता येत नाही. तशी विकली तर सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत मूल ती विक्री रद्द करून मागू शकते. अठरा पूर्ण झाले की हे नाव आपोआप निघत नाही. जन्मदाखल्याची प्रत जोडून तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो आणि फेरफार होऊन पालकाचे नाव कमी होते. पुढच्या भारतभेटीत जन्मदाखला बरोबर न्यायला विसरू नये, आणि अर्जावर सही मुलालाच करू द्यावी.